बंधारा राहतो, अहवाल हरवतो

डिसेंबरात पहाटेच्या कसारा लोकलमध्ये घमेली, फावडी, तांदळाचं पोतं आणि एखादी ढोलकी घेऊन मुलुंडला पोरं चढताना दिसली की समजावं, कुठल्यातरी कॉलेजचं एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, शिबिर निघालं. आसनगावला नाहीतर आटगावला उतरायचं, पुढे एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीप. सात दिवस झेडपीच्या शाळेत झोपायचं, ओढ्यावर बंधारा घालायचा, घरोघर हिंडून फॉर्म भरायचे, शेवटच्या रात्री गावकऱ्यांसमोर नाटुकलं करायचं आणि परत. मी भूगोल शिकवत असे आणि बरीच वर्षं एनएसएसची प्रोग्राम ऑफिसरही होते. हे पद कुणी मागून घेत नाही. स्टाफरूममध्ये जो सगळ्यात उशिरा नोकरीला लागलेला असतो त्याच्या गळ्यात ते पडतं.

विद्यापीठानं गावात जायचं, तिथे काहीतरी मोजायचं किंवा खणायचं, आणि येऊन अहवाल लिहायचा, ही रीत एनएसएसनं आणलेली नाही. ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिची सुरुवात बरीचशी आपल्याच मुंबई विद्यापीठाच्या नावावर आहे.

१९१७ साली मुंबई विद्यापीठानं अर्थशास्त्राची एक ग्रंथमाला सुरू केली. तिचा पहिला ग्रंथ ना गिरण्यांवर होता, ना बंदरावर. तो पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या लहानशा गावावर होता. लेखक डॉ. हॅरॉल्ड मॅन, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य. हे महाविद्यालय तेव्हा मुंबई विद्यापीठालाच जोडलेलं होतं. मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आधी आसामच्या चहामळ्यांसाठी काम केलेले, आणि त्याच काळात इंग्लंडमधल्या रिजमाउंट नावाच्या खेड्यातल्या गरिबीची घरोघर पाहणी करून आलेले. तीच नजर त्यांनी इथे वापरली. सोबत सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे ही कॉलेजातलीच मंडळी होती. त्यांनी गावातलं शेतन् शेत पाहिलं, माती पाहिली, जनावरं मोजली, कोणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे आणि ते कशापायी झालं हे विचारलं. जुनी दप्तरं काढून पेशवाईपर्यंत मागे गेले. तिथून जे निघालं ते आजही अर्थशास्त्राच्या पुस्तकांत येतं: १७७१ साली त्या गावात सरासरी शेत ४० एकरांचं होतं, १९१५ च्या सुमाराला ते ७ एकरांवर आलं होतं. शंभरातल्या ८१ खातेदारांचं, पीक कितीही चांगलं आलं तरी, नुसत्या जमिनीवर भागणार नव्हतं. गावातली माणसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जात होती म्हणून चुली पेटत होत्या.

चार वर्षांनी, १९२१ मध्ये, मॅन आणि कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा दुसरा ग्रंथ काढला. पहिल्या गावाला शहर जवळ होतं, दुसऱ्याला नव्हतं. नुसती शेतीच असेल तर गावाचं काय होतं, हे पाहायचं होतं.

मी हे ग्रंथ पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हेवा वाटायच्या ऐवजी माझा जळफळाट झाला. आमच्या शिबिरातले सर्वेक्षणाचे फॉर्म मला आठवले: कुटुंबप्रमुखाचं नाव, सदस्य, शिक्षण, शौचालय आहे/नाही, टीव्ही आहे/नाही. शेताचा रकाना असायचा एक ओळीचा. शंभर वर्षांपूर्वी, मोजणीची साखळी हातात घेऊन, चार माणसांनी जे केलं त्याच्या जवळपासही आम्ही जात नव्हतो. पिंपळे सौदागरात आज जमीन चौरस फुटांत विकली जाते, सगळीकडे टॉवर आहेत. पण तिथे कुणाची किती शेती होती आणि ती कशी तुकड्या-तुकड्यांनी गेली, हे सांगता येतं ते त्या एका ग्रंथामुळे. मुलुंडबद्दल मला तसं सांगता येत नाही. मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं, तोवर ते ठाण्याकडचं गाव. मिठागरं, भातखाचरं, गव्हाणपाडा. १९२०-२२ च्या काळात पश्चिमेला आखीव रस्त्यांची वसाहत उठली, तिच्याबद्दल लोक कौतुकानं लिहितात. पूर्वेच्या मिठागरांत कोण राबत होतं, काय मजुरीवर, याची पाहणी माझ्या वाचनात आली नाही.

विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये निघाला. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस, नगररचनेतलं मोठं नाव. आराखड्याआधी पाहणी, हे त्यांचं सांगणं. त्यांच्यानंतर, १९२४ पासून, गोविंद सदाशिव घुर्ये. घुर्यांच्या हाताखालून एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे अशी माणसं तयार झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यांचं एक कमी वाचलं जाणारं पुस्तक जास्त महत्त्वाचं वाटतं. १८२० च्या आसपास थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं पुण्याजवळच्या लोणीकंदचा तपशीलवार वृत्तांत लिहिला होता. घरं, बलुतेदार, पिकं, खाणंपिणं, सगळं. घुर्ये त्याच गावात परत गेले आणि १९६० मध्ये त्यांनी सव्वाशे वर्षांत काय बदललं ते मांडलं. कुणीतरी लिहून ठेवलेलं हातात घेऊन त्याच गावात परत जाणं, ही या सगळ्या इतिहासातली फार क्वचित घडलेली गोष्ट आहे. सव्वाशे वर्षांनी का होईना, घडली.

स्वातंत्र्यानंतर मोजण्यापेक्षा खणण्यावर भर आला. राधाकृष्णन आयोगानं विद्यार्थ्यांच्या समाजसेवेची कल्पना मांडली. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या समितीनं त्याच्या पुढे जाऊन सांगितलं, की शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या तरुणांना नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा सक्तीची करा. देशमुख महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. खर्चाचा आकडा त्यांना कुणी शिकवायला नको होता. तरी शिफारस खर्चापायीच मागे पडली. पुढे शिक्षणतज्ज्ञ सय्यदैन यांनी इतर देशांतले प्रयोग पाहून सक्ती नको, स्वेच्छा हवी असं सुचवलं. शेवटी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. सुमारे ४० हजार विद्यार्थी.

महाराष्ट्रात तिला लगेच काम मिळालं. १९७२ चा दुष्काळ. १९७३ मध्ये शिबिरांचा विषयच दुष्काळाविरुद्ध तरुण असा होता. मग घाण आणि रोगराई, मग वृक्षारोपण, ग्रामीण पुनर्रचना, आणि बऱ्याच वर्षांनी शाश्वत विकास, पाणलोट, पडीक जमीन. दिल्लीहून विषय बदलत गेले, घमेली तीच राहिली.

मुलुंडला कॉलेजं आली ती याच काळात. १९७० मध्ये पार्ले टिळक विद्यालय असोसिएशनचं मुलुंड कॉलेज ऑफ कॉमर्स, १९८४ मध्ये पूर्वेला केळकर ट्रस्टचं वझे कॉलेज. त्याआधी मुलुंडची पोरं ठाण्याला, घाटकोपरला नाहीतर थेट माटुंग्याला जात. इथली पिढी बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या यांत काम करणाऱ्यांची. पोरं कॉमर्सला. शेताचा बांध जवळून पाहिलेली थोडी, आणि ज्यांनी पाहिला होता ती सुट्टीत कोकणात जाणारी. एनएसएसला नाव घालण्यामागे दहा मार्क असतात, हे मी लपवत नाही. विद्यापीठाच्या नियमात ते बसतात आणि नापासाचा पास होतो. दहा मार्कांसाठी आलेला मुलगा सातव्या दिवशी निघताना रडताना मी पाहिलेला आहे. दोन्ही खरं असतं.

आता तो बंधारा. वनराई बंधारा म्हणतात त्याला, मोहन धारियांच्या वनराई संस्थेनं गावोगाव नेलेला. नोव्हेंबर-डिसेंबरात ओढा अजून वाहता असतो, तेव्हाच घालावा लागतो. आधी जागा बघायची: दोन्ही काठ उंच हवेत, पात्र अरुंद हवं, तळाला कातळ किंवा घट्ट माती हवी. तळ वाळूचा असेल तर पाणी खालून निघून जातं आणि सगळी मेहनत वाया. रिकामी सिमेंटची पोती गावातल्या किंवा हायवेवरच्या बांधकामांवरून मिळतात. फाटकी बाजूला काढायची. ओढ्यातलीच माती-वाळू भरायची, पण तोंडापर्यंत नाही, पाऊण. गच्च भरलेलं पोतं एकावर एक नीट बसत नाही, मधे फट राहते. तोंड सुतळीनं शिवायचं किंवा बांधायचं. पहिला थर रुंद, मग वर वर अरुंद. खालच्या दोन पोत्यांच्या जोडावर वरचं पोतं यायला हवं, गवंडी विटा लावतो तसं. फटींत चिखल ठोसायचा, तो तुडवून बसवायचा. पाणी चढायला लागलं की पोरं ओरडतात. तेव्हा कळतं की बी.कॉम.च्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट डोळ्यांदेखत झालेली दिसली आहे.

हा बंधारा बहुतेक फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी धरतो. गुरं पितात, बायका धुणं धुतात, काठच्या विहिरीला थोडं जास्त दिवस पाणी राहतं, कुणी वाल किंवा भाजी करतो. उन्हानं पोती चिरतात आणि पुढच्या पावसात तो वाहून जातो. दर वर्षी नव्यानं घालायचा असतो, आणि कॉलेज पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात गेलेलं असतं.

शहापूर तालुका आमच्या वाट्याला बहुतेक वेळा यायचा. तिथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांना टँकर लागतो. तानसा धरण त्याच तालुक्यात, १८९२ पासून मुंबईला पाणी देणारं. भातसा त्याच तालुक्यात, आणि मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा भातसाचा. तानशाची जलवाहिनी शहरात शिरते ती आमच्या मुलुंडमधूनच. म्हणजे मुलुंडच्या नळाचं पाणी पिऊन वाढलेली पोरं, ते पाणी जिथून येतं तिथल्या पाड्यावर पोत्यांचा बंधारा घालायला जातात. पहिल्या संध्याकाळच्या बौद्धिकात मी हे सांगत असे. कातळात पाणी मुरत नाही, उतारावरून ते दोन दिवसांत नदीत जातं, धरण ते अडवतं आणि मोठ्या नळानं दक्षिणेला पाठवतं. पाडा मात्र धरणाच्या पातळीच्या वर असतो, त्याला ते पाणी उपसून चढवावं लागतं. यात गूढ काहीच नाही, प्रश्न पंपाचा, विजेच्या बिलाचा आणि कुणाचा नंबर आधी याचा आहे.

एका पाड्यावर फॉर्म भरत असताना एका मावशींनी आमच्या मुलींना विचारलं होतं, "मागल्या साली पण पोरं आली होती, लिवून नेलं. त्याचं काय झालं?" ती पोरं दुसऱ्या कॉलेजची. मुलींनी माझ्याकडे पाहिलं. त्या फॉर्मांचं काय होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. त्यावरून आकडेवारी काढतात, टक्के काढतात, इंग्रजीत अहवाल टाइप होतो, फोटो चिकटवतात, एक प्रत विद्यापीठात आणि एक कॉलेजच्या कपाटात. कॉलेजचं मूल्यमापन करणारी नॅकची समिती आली की बाहेर येते, गेली की आत जाते. गावात प्रत जात नाही. सरपंचाला शाल-नारळ जातो.

मॅनचा ग्रंथही ऑक्सफर्डनं छापला, इंग्रजीत. पिंपळे सौदागरच्या पाटलानं तो वाचला असेल असं मला वाटत नाही. एवढ्या एका बाबतीत आमच्यात आणि त्यांच्यात फरक नव्हता.

हे वेगळ्या तऱ्हेनं करणारे लोक आमच्यापासून फार लांब नव्हते. आयआयटी पवईला, मुलुंडहून बसनं जाण्याएवढ्या अंतरावर, १९८५ मध्ये 'सितारा' हे केंद्र निघालं. ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणं हे त्याचं काम. त्याआधी १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी 'अस्त्र' सुरू केलं होतं, त्याच वळणाचं. सिताराच्या पहिल्या वर्षांत चुली, बायोमासची यंत्रं, असं काम होतं. २००७ पासून तिथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयाचं एम.टेक. सुरू झालं आणि कामाचं वळण बदललं. मुलांनी काही आठवडे गावात राहायचं आणि तिथला प्रश्न घेऊन परत यायचं, यंत्र आधी आणि प्रश्न मागून असं नाही. मिलिंद सोहोनी यांच्यासारख्या प्राध्यापकांनी कर्जत, शहापूर, मोखाडा या तालुक्यांतल्या पाण्याच्या योजनांवर मुलांना कामाला लावलं.

ते काय करतात ते सांगते, कारण आमच्या फॉर्मात आणि त्यांच्या कामात नेमका कुठे फरक आहे ते त्यात दिसतं. आमच्या फॉर्मात असे: नळ आहे/नाही. ते विचारतात, नळ आहे तर पाणी का येत नाही? विहीर कुठे आहे, मार्चनंतर तिच्यात किती उरतं, टाकी किती उंचीवर, पाइप किती व्यासाचा, वाटेत किती पाडे, शेवटच्या पाड्यापर्यंत दाब उरतो का, वीजबिल कोण भरतं, शेवटचं कधी भरलं. माणशी दिवसाला ४० लिटर हा खेड्याचा जुना सरकारी निकष, जलजीवन मिशनमध्ये तो ५५ झाला. शहराचा १३५. या आकड्यांवर हिशेब केला की योजना कागदावरच कुठे तुटते ते दिसतं. आणि हा हिशेब बी.कॉम.च्या मुलाला करता येतो. त्याला आयआयटीत जावं लागत नाही. गुणाकार आणि चिकाटी पुरते.

पुढे हे सरकारी चाकोरीत आलं. २०१४ च्या नोव्हेंबरात उन्नत भारत अभियान, त्यात उच्च शिक्षणसंस्थांनी गावं दत्तक घ्यायची. जानेवारी २०१६ मध्ये राज्याचं उन्नत महाराष्ट्र अभियान, त्यात जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी जिल्हा प्रशासनाच्या प्रश्नांवर काम करायचं. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात सुमारे पाच हजार गावांच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटीच्या याच गटानं बसवली. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकांना किती लागेल. ज्या गावानं हा ताळेबंद भिंतीवर रंगवला त्या गावाला निदान वाचता तरी येतो.

इथे एक आडवळण घेते, कारण माणूस उपनगरातला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग अंधेरीच्या हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ शास्त्रज्ञ होते, इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टरेट. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. दुष्काळी गाव, शाळा सोडलेली पोरं. त्यांना वेल्डिंग, गवंडीकाम, विहिरीच्या पाण्याचा शोध, कुक्कुटपालन, शिवण हे शिकवायचं आणि त्यातूनच गणित-विज्ञान. पोरांनी गावाची कामं पैसे घेऊन करायची. पैसे घेऊन हे महत्त्वाचं. गावानं पैसे मोजले म्हणजे गावाला ती गोष्ट हवी होती. शिबिरात खणलेल्या फुकटच्या शोषखड्ड्याबद्दल हे खात्रीनं सांगता येत नाही. आम्ही कितीतरी खणले, किती वापरात राहिले ते विचारायला कुणी गेलं नाही. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू आहे.

आता नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाज-सहभागाचे श्रेयांक आणले आहेत. म्हणजे दहा मार्कांसाठी जाणारे थोडे होते, आता सगळेच जाणार. मुंबईच्या कॉलेजांतली पोरं ठाणे-पालघरच्या त्याच त्या पाड्यांवर टॅब घेऊन उतरतील आणि त्याच मावशींना तेच प्रश्न विचारतील. सक्ती करू नये असं सय्यदैन म्हणाले होते ते उगाच नव्हे. पण सक्ती आलीच आहे तर तिचा उपयोग करून घ्यावा, एवढंच म्हणते. एक कॉलेज, एक गाव, निदान पाच वर्षं. दुसऱ्या वर्षीच्या मुलांनी पहिल्या वर्षीचा अहवाल वाचल्याशिवाय लोकलमध्ये चढायचं नाही. घुर्यांनी सव्वाशे वर्षांनी केलं ते आपल्याला बारा महिन्यांत करता येतं.

आणि अहवाल मराठीत लिहा. दहा पानं पुरतात. शिबिर डिसेंबरात संपतं, २६ जानेवारीला गावात ग्रामसभा असते, मधे जवळजवळ महिना मिळतो. दोन विद्यार्थी पाठवा, अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवा, चुका गावकरी सांगतील त्या तिथेच दुरुस्त करा आणि एक प्रत ग्रामसेवकाकडे देऊन पोच घ्या. मुलुंडमधल्या ज्या कॉलेजांच्या कपाटांत जुने अहवाल पडून आहेत, त्यांनी या जानेवारीपासूनच सुरुवात करावी. मुलुंड-आसनगाव तिकीट फार नाही.